आडव्या रेघा

बरणी आली तेव्हा सुपडूअण्णा शिंकला.
झाकणाला चिकटपट्टीचे चार वेढे,
पट्टीखाली अडकलेलं मिरचीचं एक बी,
चिठ्ठीवर सर्जनचं घाईतलं अक्षर :
भाविका गुलाब बोरसे, वय चार, नंदुरबार.
डाव्या पोटरीतली गाठ.
दोन महिन्यांत लिंबाचा पेरू.
गळू असावं?
प्रश्नचिन्ह मागाहून काढलेलं, दुसऱ्या पेनानं.

मी कापलं.
मऊ, करडं-पांढरं, मासळीच्या गरासारखं,
कुठे कुठे रक्त झिरपलेलं.
वरच्या कातडीवर बिब्ब्याची काळी फुली :
कुणीतरी दुखण्याला बाहेरची वाट दाखवून पाहिली होती.
फुली मोजली. लिहिलं, दीड सेंटिमीटर.

धुळ्यात मे महिन्यात मेणसुद्धा हट्टाला पेटतं.
ब्लॉक बर्फावर ठेवावे लागतात,
कोपऱ्यावरच्या रसवंतीतून आणलेल्या,
नाहीतर पातं सरकतं, फीत चुरगळते.
सुपडूअण्णा श्वास रोखून फीत पाण्यावर सोडतो.
तेवढा वेळ पंखा बंद.
तेवढा वेळ कुणी बोलत नाही.

मग निळं.
लहान गोल निळे दाणे, एकमेकांना खेटून,
मधे पोकळ्या, पोकळ्यांच्या भिंतींना लोंबणारे आणखी दाणे.
लहान मुलांच्या कितीतरी वाईट गोष्टी
याच एका वेषात येतात.
मी काच सरकवत राहिले. चहावर साय धरली.
आणि एका कोपऱ्यात ती :
लांबट, गुलाबी, पट्ट्यासारखी पेशी,
भिंग किंचित खाली-वर केलं की
तिच्या अंगात आडव्या रेघा,
दुरेघी वहीच्या.

पोटरीचा स्नायू असाच असतो, रेघारेघांचा.
लंगडी घालताना एकेक रेघ आखडते, सुटते.
ही तो व्हायला निघाली होती.
रेघा आखून झाल्या, अक्षर काही उमटलं नाही,
आणि बाकीच्यांनी तर वहीसुद्धा उघडली नाही,
नुसत्या एकीच्या दोन, दोनाच्या चार.
वाढणं येतं यांना.
मोठं होणं येत नाही.

एकवीस वर्षांत ही चौथी.
पहिली साक्रीची, डोळ्यामागे. दुसरी मूत्राशयात.
तिसरीबद्दल मी बोलत नाही.

ब्लॉक कुरिअरनं मुंबईला गेला.
नवव्या दिवशी फोटो आले :
डेस्मिन, होय.
मायोजेनिन, जवळपास प्रत्येक केंद्रक तपकिरी.
मी टाइप केलं, ऱ्हॅब्डोमायोसार्कोमा, अल्व्हिओलर प्रकार,
कडा मोकळ्या नाहीत.
स्पेलिंग दोनदा तपासलं.
केवढं हे नाव, आणि फ्रॉक बावीस नंबरचा.

रिपोर्ट न्यायला बाप आला.
मिरचीच्या पथारीवर पोती भरतो.
बोटं लाल, नखांच्या कडा काळपट.
खुर्ची दाखवली तरी बसला नाही.
"मिरचीमुये त नही ना व्हयनी, मॅडम?
आम्ही ढिगनाजोडेच झोपाडूत तिले."
नाही, मी म्हणाले.
इतक्या झटकन मी कुठलंच निदान केलेलं नाही.
रिपोर्टात 'कशामुळे'ला रकाना नसतो.
असता, तर तेवढी एक ओळ
सही-शिक्क्यानिशी दिली असती,
घरी भिंतीला लावायला.

पत्ता लिहून दिला. कुठली गाडी, कुठलं गेट.
औषधं, किरणं, किती महिने, ते तिथले सांगतील.
काही मुलं बरी होतात, हेही सांगितलं,
आणि 'काही' म्हणताना
आवाज नेमका कुठे ठेवावा ते कळेना.

त्यानं डोळे पुसले नाहीत.
त्या हातांनी पुसता येत नाहीत,
हे पथारीवरचं रांगतं पोरही शिकतं.
मान वाकवून एक डोळा खांद्याला घासला,
मग दुसरा,
आणि कागद बाहीत धरून, लाल होऊ नये म्हणून,
जिना उतरला.

ब्लॉक परत आलाय. नंबर घातला.
आमच्याकडे दहा वर्षं ठेवतात.
चार अधिक दहा.
सुपडूअण्णा म्हणाला, खालच्या खणात नको, तिथे ऊन येतं.
मग वरच्या खणात
थोडी जागा केली.